मधला थर

दुसऱ्या फटक्याला आकारामचं बोट मोडलं. प्लॅस्टिकची रिळं ज्या लोखंडी नळीवर गुंडाळतात, तीच सयाजीनं उचलली होती. पुतण्या राजवीरनं आकारामला मागून आवळून धरलं होतं.

"नाव सांग," सयाजी म्हणाला. "माझ्या कारखान्यातनं कोण फुटलं?"

"कोण न्हाई, मालक."

तिसरा फटका तोंडावर बसला. शिरोलीच्या त्या शेडमधले कामगार जेवायला पाठवले होते. यंत्रं मात्र मुद्दाम चालू ठेवली होती.

सयाजी हवेच्या उशा बनवायचा. कुरिअरच्या खोक्यात काचसामानाभोवती घालतात, त्या. साध्या प्लॅस्टिकच्या उशा चार दिवसांत बसायच्या आणि दिल्लीला बरण्यांऐवजी काचा पोचायच्या. सयाजीनं प्लॅस्टिकच्या मधोमध नायलॉनचा पातळ थर घातला आणि उशी महिनाभर टम्म राहिली. त्यानं पेटंटचा अर्ज केला, पेढे वाटले, चारचौघांत स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवून घेतलं. आकाराम त्याच्याकडचा जुना कामगार. या नायलॉनच्या आधीच तो काम सोडून गेला होता. आता त्यानंही घरामागं एक यंत्र टाकून तशाच उशा काढल्या, आणि वर सयाजीच्या अर्जाला हरकत घेतली.

वकिलांनी सयाजीला स्पष्ट सांगितलं होतं, "या धंद्यातल्या कुणालाही हे सहज सुचलं असतं असं ठरलं, तर पेटंट मिळत नाही. त्यानं तुमच्याकडनंच चोरलं असेल, तर पुरावा आणा." सुनावणी उद्यावर आली होती. नुसत्या संशयावरून सयाजीनं काल गणपतरावाला लाथा घालून हाकललं होतं. वीस वर्षं त्याच्या यंत्रावर उभा राहिलेला म्हातारा फाटक धरून रडत होता, आणि याला जराही वाईट वाटलं नव्हतं.

सयाजीनं नळी डोक्यावर उगारली. "शेवटचं इचारतो. नायलॉन कुणी सांगितलं तुला?"

आकाराम रक्त थुंकला. "कुणी सांगायला कशाला पायजे? घरात पोरीनं तेलाची रिकामी पिशवी फुगवली आन् तोंडाला रबर लावला. पंधरा दिवस खुंटीला होती, बसली न्हाई. म्हटलं, ही केलीया तरी कशाची? इचारत गेलो, तर मधी नायलॉन."

राजवीर हसला. "काका, गोष्ट रचतोय. घाला अजून दोन."

सयाजीचा हात वरच थांबला. आकारामला बदडताना त्याला राग आला होता. आता पहिल्यांदाच भीती वाटली.

"सोड त्याला," तो म्हणाला. "मी बी तेलाचीच पिशवी फुगवलती. आन् ते अजून माझ्या बायकोला बी ठावं न्हाई."