पातळ भिंत

"हे ऐक," म्हणत केदारने हॉलच्या भिंतीवर टकटक केली. रिकाम्या फ्लॅटमध्ये ती पत्र्याच्या डब्यासारखी वाजली. "शेजारी कुणी शिंकलं तरी आपल्याला कळेल. आणि आपली भांडणं अख्ख्या मजल्याला."

बाकी घर पसंत होतं. पण पहिलंवहिलं घर असल्या भिंतींचं का घ्यायचं, हे त्याचं म्हणणं मलाही पटत होतं.

लेक माझ्या खांद्यावर झोपली होती. आमचं भाड्याचं घर गावाबाहेर, एकटं. केदार कामावर गेला की संध्याकाळपर्यंत आम्ही दोघीच. मागे तिला ताप चढला, तेव्हा तिला कडेवर घेऊन मी कितीतरी वेळ नुसतीच दारात उभी होते.

तेवढ्यात उघड्या दारातून एक काकू धापा टाकत आत आल्या. हात कणकेने माखलेले.

"काय झालं? काय हवंय?"

केदार ओशाळला. "काही नाही काकू. घर बघायला आलोय. भिंत वाजवून पाहत होतो."

"अगं बाई." मनगटाने घाम पुसत त्या हसल्या. "इथल्या वहिनी एकट्या राहायच्या. काही लागलं की भिंत वाजवायच्या. आता त्या मुलाकडे गेल्यात, पण माझे पाय ऐकतात होय? आले धावत."

जिना उतरताना केदार म्हणाला, "पण त्यांना आपलं सगळं ऐकू जाणार हं."

"जाऊ दे," मी म्हटलं. "दिवसा माझी हाक कुणाला तरी ऐकू जायला हवी."