दारातला सराव

रोज सकाळी सून ऑफिसला निघाली की सासूबाई नातवाला कडेवर घेऊन मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या, "बघ, चालली तुझी आई! मागे वळूनसुद्धा बघत नाही." सून ते गिळून जिना उतरायची, पचवलं मात्र एकदाही नाही.

प्लेग्रुप संपला. मोठ्या शाळेची तयारी म्हणून सुट्टीभर ती लेकाकडून घराच्या दारात सराव करून घेत होती. दप्तर पाठीला, एकच टाटा आणि सरळ आत.

पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पोरांनी रडून सगळा परिसर डोक्यावर घेतला होता. सासूबाई रुमाल काढून तयारच होत्या. नातवाने एकदा टाटा केला आणि तो तडक आत गेला.

"अगंबाई, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही गं त्याने!" सासूबाईंना हुंदका फुटला.

सुनेने त्यांच्या पाठीवरून हळूच हात फिरवला.



"माझ्यावर गेलाय हो, आई."