चिमटीतली नळी

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सकाळी सांगितलं आणि दुपारी मला दिवस भरायच्या दोन महिने आधीच जन्मलेल्या लेकीपाशी नेलं. तिच्या नाकात नळी होती. दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं, तिथून बुडबुडे येत होते. मी सायकलींचं पंक्चर काढणारा. बुडबुडे आले की हवा गळतेय, एवढंच मला ठाऊक. बायकोसाठी काही करता आलं नव्हतं, म्हणून मी नळी चिमटीत घट्ट दाबली. बुडबुडे थांबले. पोर निळी पडू लागली. सिस्टर धावत आली. “दादा, सोडा आधी! बुडबुडे येतात तोवरच तिची फुप्फुसं उघडी राहतात!” लेक वाचली, घरी आली. पण तिला उचलायला माझे हात धजत नाहीत. सासूबाई म्हणतात, “जावईबापू, आईच्या मरणाचा राग एवढ्याशा जिवावर काढताय होय?” खरं कारण त्यांना अजून सांगितलेलं नाही.