साउथचा पिक्चर

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही दोन वर्षं खपून एक भुताचा सिनेमा काढलात आणि त्याला कुणी घाबरतच नाही. देवयानीचं अगदी तसंच झालं. अमेरिकेच्या दक्षिणेतली पडकी हवेली तिने ब्रिस्टलच्या एका गोदामात उभी केली. पैसे नव्हते, म्हणून झाडांवरून लोंबणारं शेवाळ राखाडी लोकरीचं केलं. समीक्षकांनी लिहिलं, "शेवाळ कसलं, झाडांवर स्वेटर वाळत घातलेत!"

निदान आपली माणसं तरी घाबरतील, म्हणून रविवारी तिने लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळात खेळ लावला. सिनेमा संपताच उल्हासकाका म्हणाले, "साउथचा पिक्चर म्हणालीस म्हणून आलो गं. एक फायटिंग नाही, गाणं नाही!"

"काका, साउथ म्हणजे अमेरिकेतलं साउथ! किती वेळा सांगू?"

"असं होय! भूत मात्र गोड होतं हो."

देवयानीने कपाळावर हात मारला. शेजारी तिचा सहा वर्षांचा भाचा विहान बसला होता. "तुला तरी भीती वाटली का रे?"

"नो, मावशी. इट वॉज सो बोरिंग."

"धन्य आहात सगळे!" म्हणत ती वैतागून लॅपटॉप आवरू लागली. विहान तिथेच घुटमळला.

"मावशी, मला टॉयलेटला जायचंय."

"मग जा ना. दाराबाहेर तर आहे."

दाराबाहेर खुंटीवर कुणाचा तरी राखाडी स्वेटर लोंबत होता. विहानने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मावशीचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.