हातात काय उरलं

कवीच्या मनातलं मूळ दृश्य दाखवणारा पडदा आल्यापासून कविसंमेलनात लोक कविता कमी ऐकत आणि पडदा जास्त बघत. आज रत्नप्रभाबाईंची पाळी होती. पहिल्या रांगेत त्यांचे यजमान भालचंद्रराव जीव मुठीत धरून बसले होते. ‘तू वळून पाहिलंस, माझ्या हाती एवढंच उरलं’ ही बाईंची गाजलेली ओळ लग्नाआधीची. समीक्षकांनी रुमालापासून अंगठीपर्यंत तर्क लढवले होते, पण हा ‘तू’ कोण, हे विचारायचं धाडस भालचंद्ररावांना संसारभर झालं नव्हतं.

बाईंनी ओळ म्हटली आणि पडदा उजळला. बाजाराची धूळ, परक्या माणसामागे निघालेला तांबडा बैल आणि दावं छातीशी धरून रडणारी एक परकरी पोर.

“बैल विकला तरी दावं घरीच ठेवायचं असतं ना,” बाई म्हणाल्या.

“हात्तिच्या, बैल होय!” मागून कुणीतरी पुटपुटलं. सगळ्या सभागृहाचा विरस झाला.

भालचंद्रराव मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते.

खाली उतरल्यावर बाईंनी विचारलं, “आज एकाएकी कशी आवडली?”

“अगं, फारच सुंदर कविता आहे,” ते डोळे पुसत म्हणाले. “लोकांना काही कळत नाही.”