एका अंगाला वळलेला चमचा

टण्ण! चमचा फरशीवर पडला आणि जेवणाच्या टेबलावरची शांतता फुटली.

"सांडलंस पुन्हा?" धाकट्या सुनेने लेकीची हनुवटी पुसली, चमचा धुऊन परत तिच्या हातात दिला. दांडा एका अंगाला वळलेला, त्यावर अंगठ्यापुरती खळगी. "लहान आहे अजून. बसेल हात."

समोर थोरली जाऊ सूपला न शिवता बसली होती. "हाच ना तो? नोंदवलेला?"

"हाच. डिझाइन माझ्या नावावर आहे, जाऊबाई. तुमच्या कारखान्यातून यापुढे एक जरी निघाला, तर नोटीस येईल."

"माझ्याच साच्यातून निघालेल्या चमच्याची, मलाच?"

"साचा तुमचा, रूप माझं. पोरीला धड जेवता येईना, म्हणून जिवाचं रान करून घडवलाय मी."

"आणि मी काय झोपा काढत होते?"

"काढतच असाल. नाहीतर आधी नोंदवला नसतात?"

"एका चमच्यापायी घराच्या दोन चुली करा आता!" सासूबाई कडाडल्या. "थोरलीच्या हरकतीवर उद्या सुनावणी, त्यात माझी साक्ष आहे. जिचं असेल, तिचंच सांगेन. थोरले, आहे काही दाखवायला?"

"घरातल्या घरात कोण पुरावे जपून ठेवतं, आई?"

धाकटीचा जीव निवला. वर्षानुवर्षं त्या कारखान्यात ती राबली, पाटीवर नाव मात्र थोरलीचं. आता सरकारी शिक्क्याखाली तिचं स्वतःचं नाव होतं. ते ती मरेपर्यंत सोडणार नव्हती.

टेबलाच्या त्या टोकाला थोरलीची लेक गुमान जेवत होती. दोघी चुलत बहिणी शेजारी बसल्या की कोपराला कोपर लागून भांडण ठरलेलं, म्हणून त्यांच्या खुर्च्या कायम लांब. आज मात्र धाकटीची छोटी हळूच सरकत ताईपाशी गेली.

टण्ण!

"अगं, किती वेळा!" धाकटी ओरडली.

ताईने चमचा उचलला, फ्रॉकला पुसला आणि छोटीला भरवू लागली. अंगठा खळगीत चपखल बसला. एक थेंब सांडला नाही.

सासूबाईंचा घास हातातच राहिला.

छोटीने ताईच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे.

"आई, हा तू माझ्यासाठी केलास ना? मग ताईच्या डाव्या हातातच का बसतो?"