आलापल्लीची गाडी जाईपर्यंत

साडेपाचला अंजनाबाईनं गोळी तोंडात टाकली, वर पेलाभर पाणी प्यायली आणि अंगणातल्या चुलीकडे पाठ करून बसली. चुलीवर चहाचा गंज, म्हणजे पातेलं, नुसताच ठेवला होता, खाली जाळ नव्हता. तिचा नवरा श्रावण त्या गंजाकडे डोळे लावून बसला होता.

दिवाळीआधी नागपूरला तिच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी कॅन्सरच्या गाठीसकट काढली. तेव्हापासून ग्रंथीचं काम ही एवढीशी गोळी करते, आणि जन्मभर करणार. डॉक्टर म्हणाले होते, उपाशीपोटी घ्यायची. अंजनाबाईनं अख्खा हिवाळा ती उपाशीपोटीच घेतली, दुधाच्या चहाच्या घोटाबरोबर. गोळी अंगी लागेचना. हातपाय गार पडले, चेहरा सुजला, ऑपरेशननंतर बसलेला आवाज बसलाच राहिला. जानेवारीत उपकेंद्रातल्या नूतन सिस्टरनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा ही तिच्यावरच चिडली. "चहा म्हंजे का जेवण होय का वो?" आता आपल्याकडे चहाला कोणी खाण्यात धरत नाही, हे त्या मोठ्या दवाखान्याला कोणी सांगावं!

त्या दिवसापासून घरात कायदा झाला: गोळीनंतर तासभर पाण्याशिवाय काही नाही. साडेसहाला आलापल्लीची बस जाते, ती गेल्याशिवाय चूल पेटवायची नाही. तिला एकटीला चहाच्या वासाचा छळ नको म्हणून श्रावणही थांबू लागला. उठल्याउठल्या दोन कप रिचवणारा माणूस! कुरकुरायचा, पण थांबायचा.

उजाडलं तशी धुरपताबाई चार बायांना घेऊन अंगणात आली. सगळ्यांच्या कमरेला टोपल्या. मोहाची फुलं पडायला लागली होती. नाल्यापलीकडे आत जंगलात सासूपासून चालत आलेलं अंजनाबाईचं मोहाचं झाड होतं. पण त्या जंगलात वाघ आहे. बाया एकमेकींना हाका देत, एकमेकींचा ठाव घेत फुलं वेचतात, आणि जिची हाक पोचत नाही तिला सोबत नेत नाहीत. हा नियम धुरपताबाईचा, आणि ती सख्ख्या बहिणीलाही सूट देणारी नव्हे.

"जयभीम वो अंजना. मी नाल्यापल्याड जाऊन उभी राहीन. तू इथूनच हाक दे. आयकू आली त टोपली वर करीन. नाई आली त राग नोको धरू. तुह्या झाडाची फुलं मी आणून देईन."

"मले माह्या झाडाची फुलं माह्याच हातानं वेचाची हायेत," अंजनाबाई म्हणाली.

धुरपताबाई नाला ओलांडून पलीकडे उभी राहिली, लांबून बोटाएवढी दिसत होती. अंजनाबाईनं हाक दिली. ती अंगणातच संपली. टोपली काही हलली नाही. बाया जमिनीकडे बघू लागल्या.

श्रावणला ते बघवेना. तो काडेपेटी घेऊन चुलीपाशी बसला. "घोटभर गरम चहा घे. गळा मोकळा होते."

"आलापल्लीची गाडी गेली का?"

"एका दिवसानं काय होते?"

"असाच एकेक दिवस करून म्या हिवाळा घालवला. ठेवा थे काडेपेटी."

तिनं पदर कमरेला खोचला. गळ्यावरच्या आडव्या व्रणावर हात ठेवला, डोळे मिटले आणि पोटातून हाक दिली. "होऽऽऽऽ!"

हाक खरखरीत होती, अगदी पूर्वीसारखी नव्हती, पण गेली. नाल्यावरून गेली. शेजारचा कुत्रा दचकून भुंकायला लागला. पलीकडे टोपली वर झाली. नुसती वर झाली नाही, धुरपताबाई ती डोक्यावर धरून नाचू लागली, साठीची बाई! अंगणातल्या बायांना हसू आवरेना. अंजनाबाईनं आपली टोपली उचलली ती निघालीच. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

अंगण रिकामं झालं. श्रावणला इतका आनंद झाला होता की काय करावं ते सुचेना. त्यानं झाडू घेतला, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. मग चुलीपाशी येऊन बसला. रस्त्यावरून आलापल्लीची बस हॉर्न देत गेली. त्यानं काडेपेटी उचलली, पण एकट्यानं चहा करायला हात धजेना.

तेवढ्यात हाक आली. नाल्याकडून नाही, त्याच्याही कितीतरी पलीकडून, पार तिच्या झाडाकडून.

"चहा घ्याऽऽ होऽऽ! गाडी गेलीऽऽ!"

श्रावण ताडकन उठला. मग त्यानं चुलीवरचा गंज दोन्ही हातांनी उचलला आणि जंगलाकडे तोंड करून डोक्यावर उंच धरला.